उकळत्या पाण्यात बसून ४३ सांगणाऱ्यास

मिनियापोलिस, मिनेसोटा
३ फेब्रुवारी

कूलंट टेम्परेचर सेन्सर यास,

सप्रेम नमस्कार लिहायला माझा हात धजत नाही. तुझ्यामुळे माझ्या ७१ वर्षांच्या आईने उणे २४ अंशांच्या रात्री, चालत्या गाडीत बसून, पायांची बोटं बधिर होईपर्यंत थंडी सोसली. त्यामुळे मायना, क्षेमकुशल वगैरे बाजूला ठेवते आणि पत्रास कारण काय ते सरळ सांगते.

तू आहेस केवढा? माझ्या अंगठ्याएवढा पितळी तुकडा. एका टोकाला काळ्या प्लॅस्टिकचं तोंड आणि त्यात दोन पिना, दुसऱ्या टोकाला आत दडवलेला एक मणी. इंजिनाच्या थर्मोस्टॅटशेजारी तुला पिळून बसवलेलं आहे, नाक सतत कूलंटमध्ये बुडलेलं. तुला एकच काम: हे पाणी किती तापलंय ते सांगायचं. ना काही हलवायचं, ना उघडायचं, ना ओढायचं. बाकी सगळे घासतात, झिजतात, फिरतात. तू नुसतं बसायचं आणि खरं सांगायचं. तेवढंही तुझ्याच्याने झालं नाही.

त्या रात्रीचं आधी ऐक. संक्रांतीनंतरचा शनिवार होता. मेपल ग्रोव्हला ओळखीच्या एका घरी हळदीकुंकू होतं. आई डिसेंबरात कोल्हापूरहून आलेली. इथे आल्यापासून चार बायकांत बसणं तिला पहिल्यांदाच मिळत होतं. इरकल नेसून, वर माझा जाडजूड कोट चढवून ती निघाली. चार तास गाडी रस्त्यावर उभी होती. साडेनऊला निघालो तेव्हा दारातल्या दिव्याखाली श्वासाची वाफ दिसता दिसता विरत होती आणि पायाखालचा बर्फ कोरड्या पोह्यांसारखा करकरत होता. गाडी सुरू केली, हीटर २३ अंशांवर लावला आणि वाट पाहिली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. महामार्गाला लागलो. झरोक्यातून जेमतेम फुंकर येत होती, तीही चेहऱ्यापर्यंत पोचेना. पंख्याची गती मी वाढवत गेले. पडद्यावरच्या रेघा वाढल्या, वारा वाढला नाही.

मग आमच्या दोघींच्या श्वासाने काच आतून गोठायला लागली. आतून! काच पुसावी म्हणून हात लावला तर नखाखाली पांढरा चुरा आला. डीफ्रॉस्टचं बटण दाबल्यावर काचेच्या खालच्या कडेला ओंजळीएवढी जागा स्वच्छ झाली, आणि त्या ओंजळीतून वाकून बघत मी पुढची वीस मिनिटं गाडी हाकली. आई मांडीवर तिळगुळाचा डबा घट्ट धरून बसली होती. मी दर दोन मिनिटांनी विचारायचे, "आई, बरी आहेस ना?" ती म्हणायची, "मला चालतंय गं, तू समोर बघ." घरी आल्यावर बूट काढले तेव्हा तिच्या डाव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडलेली होती. कोमट पाण्यात पाय धरून बसले. रंग परत यायला लागला तशी ती कळवळली, आणि तेही तोंड दाबून, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या सबंध अर्ध्या तासात आईच्या पायांपासून दोन हातांवर ९० अंशांचं पाणी खेळत होतं. डॅशबोर्डच्या पोटात हीटर कोअर असतो, म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम कूलंट त्याच्यातून फिरतं, मागून ब्लोअर वारा मारतो आणि तो वारा तापून माणसांपर्यंत येतो. त्या रात्री कूलंट तापलेलं होतं, कोअर तापलेला होता, ब्लोअर धडधाकट होता. ऊब दारापर्यंत येऊन ठेपली होती आणि दार तू अडवलंस. माझ्या गाडीच्या हीटरला एक शहाणपण शिकवलेलं आहे: इंजिन गार असेल तोवर ब्लोअर जोरात सोडायचा नाही, उगाच माणसांच्या अंगावर गार वारा नको. नियम चांगलाच आहे. पण इंजिन गार आहे की गरम, हे हीटरला कोण सांगणार? तू. आणि तू सांगत राहिलास, अजून गारच आहे, थांबा, अजून गारच आहे.

याआधी तू मला दोनदा गॅरेजला धाडलंस. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि तापमानाचा काटा निम्म्यालाही चढेना. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी-०१२८. त्याचा अर्थ असा, की इंजिन इतका वेळ चालूनही कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही. असा कोड आला की बहुतेकदा थर्मोस्टॅटची झडप उघडी अडकलेली निघते, हे खरंच आहे. त्यांनी तो बदलला, ४१२ डॉलर झाले. चार दिवस दिवा विझला, पाचव्या दिवशी पुन्हा पेटला. परत गेले. या वेळी मी सांगितलं की वाराच येत नाही, तर त्यांनी ब्लोअरची मोटर बदलली. आणखी ३६५ डॉलर. थर्मोस्टॅट बदलताना त्या माणसाचा हात तुझ्यापासून चार बोटांवर होता. तुझी पिन काढून त्याने परत लावलीही असेल. तू तोंड उघडलं नाहीस.

त्या माणसावरही मी रागावले आहे, हे लपवत नाही. पी-०१२८ हा कोड थर्मोस्टॅटचं नाव घेतो, पण त्याचा गुन्हा सिद्ध करत नाही. तो सांगतो की पाणी गार असल्याची खबर आली आहे. खबर आणली कोणी? तूच. म्हणजे ज्याची साक्ष तपासायची, त्याच्याच साक्षीवर दुसऱ्याला फाशी दिली. धडका थर्मोस्टॅट भंगारात गेला, धडकी मोटर भंगारात गेली. त्या दोन्हींसाठी मी रात्रपाळीचे जादा तास भरले आहेत.

मी सेंट पॉलच्या एका इस्पितळात नर्स आहे. हात गार पडलेल्या पेशंटच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो वाटेल ते आकडे दाखवतो. आकडा घसरला की आधी पेशंटकडे बघायचं, ओठ बघायचे, श्वास बघायचा, मग यंत्राकडे, हे मी नव्या मुलींना दर आठवड्याला सांगते. आणि माझ्याच गाडीत मला लक्षण समोर दिसत असून मी ते वाचलं नाही, ही माझी चूक आणि तिचं मला वाईट वाटतं. लक्षण हे होतं: जो थोडासा वारा येत होता, तो गरम होता. थर्मोस्टॅट उघडा अडकला की वारा भरपूर येतो, पण कोमट. कोअर गाळाने तुंबला तरी तेच, वारा जोरात आणि बेताचाच ऊन. माझ्याकडे उलटं होतं. वारा तोकडा, पण ओंजळ धरली तर चटका बसावा इतका गरम. पाणी गार असतं तर तो गरम आला असता कुठून? एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर त्याच दिवशी तू सापडला असतास.

शेवटी तो प्रश्न विचारला माझ्या बाबांनी, आठ हजार मैलांवरून. बाबांचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरला होतं. आता हात थरथरतात म्हणून बंद केलंय, पण शटरची किल्ली अजून त्यांच्या खिशात असते. आपल्याकडे गाड्यांना हीटर लागतो कुठे? उलट "गरम देशात थर्मोस्टॅट कशाला" म्हणून तो काढूनच टाकायचा रिवाज, आणि त्यावरून बाबा गिऱ्हाइकांशी भांडायचे: इंजिन नीट तापलंच नाही तर ऑइलात पाणी साठतं, गाळ धरतो, पेट्रोल जास्त जातं. लहानपणी मी बघायचे, कुठलीही गाडी आली की बॉनेट उघडून ते आधी रेडिएटरच्या वरच्या पाइपला तळहाताची मागची बाजू लावायचे, मग खालच्याला, आणि काट्याकडे त्यानंतर बघायचे.

त्यांना फोन लावला तेव्हा इथे रात्रीचे आठ म्हणजे तिथे सकाळचे साडेसात. आईच्या बोटांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण तिने सांगितलं होतं. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आधी पाइपला हात लावलास काय?"

नव्हता लावला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाहेर उणे १९. ओबीडीचं ब्लूटूथ यंत्र मागवून ठेवलं होतं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ते खोचलं की गाडीचा कॉम्प्युटर काय बघतोय ते फोनवर दिसतं. (अमेरिकेत १९९६ पासूनच्या पेट्रोलवरच्या प्रत्येक मोटारीला हे सॉकेट आहे. सामान्य माणसाला आपल्या गाडीच्या पोटात डोकावता येतं, याचं मला त्या दिवशी खरंच फार बरं वाटलं.) गाडी सुरू करण्याआधी आकडे वाचले. बाहेरची हवा उणे १९, इंजिनात शिरणारी हवा उणे १९, आणि तू: उणे २०. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे तिन्ही आकडे जुळायला हवेत, आणि जुळत होते. तुझ्यावरचा माझा संशय तिथेच डळमळला.

गाडी सुरू केली. पंचवीस मिनिटं चालवून आणली. बॉनेट उघडलं, हातमोजा काढला, हीटरला जाणाऱ्या पाइपला बोटांची मागची बाजू लावली आणि चटकन मागे घेतली. परतीचा पाइपही तसाच चटका देणारा. वरच्या पाइपवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: ८७. आणि फोनवर तू सांगत होतास ४२.

माझ्या बोटांवर लाल वळ होता आणि तू ४२ म्हणत होतास.

तरीही लगेच तुला दोषी धरायला मी तयार नव्हते. दोन निरपराध आधीच भंगारात गेले होते. तिसरा नको होता. खोटं तू बोलत असशील किंवा तुझ्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर बोलत असेल. म्हणून बाबांना व्हिडिओवर घेतलं आणि तुझं कनेक्टर उपसलं. कॉम्प्युटर तुला पाच व्होल्टच्या वायरीवरून ओळखतो: तू गार असलास की तुझा अवरोध जास्त, तापलास की कमी, आणि त्या प्रमाणात वायरीतला व्होल्टेज वरखाली होतो. कनेक्टर सुटल्यावर फोनवर आकडा आला उणे ४०. (सेल्सिअस आणि फॅरनहाइट जिथे एक होतात तो हाच आकडा, इथल्या आणि तिथल्या माणसाला तो एकच दिसतो.) तत्क्षणी रेडिएटरचा पंखा घोंघावत सुरू झाला आणि नवा कोड पडला, पी-०११८. मग कनेक्टरच्या दोन्ही भोकांत एक वायरीचा तुकडा घालून ती जोडली. आकडा थेट १४० वर. म्हणजे वायर शाबूत, कॉम्प्युटर शाबूत.

त्यानंतर बाबांनी सांगितलेलं काम केलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या पुडीतला एक रेझिस्टर घेतला, ३३० ओहमचा, नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्ट्यांचा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. तुझ्या जागी तो कनेक्टरमध्ये खोचला. मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे ८० अंशांना तुझा अवरोध ३२३ ओहम असायला हवा. फोनवर आकडा आला ७९. आणि गाडीच्या आतून आवाज आला. आई आत बसली होती, मी नको म्हणत असताना, बाबा फोनवर आहेत म्हणून. ब्लोअर पूर्ण जोराने सुटला होता. तिने काच खाली करून ओरडून सांगितलं, "आला गं, आला!" तिच्या कपाळावरचे केस उडत होते. काचेवरचं धुकं बघता बघता खालून वर सरकलं आणि नाहीसं झालं. पाच-दहा पैशांच्या त्या दाण्याने जे केलं, ते तुला दीड महिना करता आलं नाही.

तरी तुझी बाजू ऐकायला मी तुला बाहेर काढलं. थोडं कूलंट सांडलं, ते पुसून घेतलं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर घातक असतं, मांजरं-कुत्री चाटून मरतात. म्हणून पातेलंही स्वयंपाकातलं घेतलं नाही, टाकायला काढलेलं ॲल्युमिनियमचं घेतलं. आधी बर्फ आणि पाणी. तुझ्या दोन पिनांना मल्टिमीटरच्या तारा लावल्या आणि काटेकोर पाच मिनिटं थांबले. ० अंशाला तक्ता सांगतो ५.९ किलोओहम. तू दाखवलेस ६.७५. फरक आहे, पण तापमानात धरला तर जेमतेम तीन अंशांचा. हा आकडा पाहून कोणीही तुला सोडून दिलं असतं.

मग पातेलं गॅसवर ठेवलं. २० अंशांना तक्त्यात २.५ हजार ओहम, तू ३.३५. ६० अंशांना तक्त्यात ५९५, तू १,४४५. पाणी खळाखळा उकळायला लागलं तेव्हा तक्त्याप्रमाणे तुझा आकडा १८७ ओहमांच्या आसपास यायला हवा होता. तू १,०४० वर अडून बसलास. कॉम्प्युटरच्या भाषेत याचा अर्थ ४३ अंश. उकळत्या पाण्यात बुडून तू ४३ म्हणत होतास.

आकडे वहीत लिहिताना मला तुझं सगळं कळलं. प्रत्येक वेळी वजाबाकी तीच येत होती: ८५० ओहम. बर्फात ८५०, उकळीत ८५०. म्हणजे तुझा मणी बिघडलेला नव्हता. मँगनीज, निकेलच्या ऑक्साइडांचा तो भाजलेला मणी आपलं काम चोख करत होता. तापल्यावर ज्यांचा अवरोध घटतो, अशा पदार्थांची ओळख मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना करून दिली होती. तुझ्या घराण्याचा तो गुण जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि तो अजून तुझ्यात होता. मण्याची तार पिनेला जिथे जोडली आहे, तो सांधा आतून सडला होता. भिंगातून पाहिलं तर एका पिनेच्या मुळाशी प्लॅस्टिकला केसाएवढी चीर होती आणि त्यात तांब्याचा हिरवा कळंक. त्या सांध्याने मण्याच्या प्रत्येक खऱ्या शब्दात ८५० ओहमांची भर घातली.

सगळा घात या बेरजेत आहे. गारठ्यात मण्याचा अवरोध हजारोंनी असतो. उणे २० ला १५ हजारांच्या वर. त्यात ८५० कुठल्या कुठे बुडून जातात. म्हणून सकाळी, गाडी गार असताना, कॉम्प्युटर जेव्हा तुझा आकडा बाहेरच्या हवेशी ताडून बघतो, तेव्हा तू साव ठरतोस. इंजिन तापलं की मणी दोनशे ओहमांवर येतो, आणि तिथे ८५० म्हणजे चौपट. ज्या क्षणी तुझ्या शब्दावर सगळं अवलंबून असतं, नेमक्या त्याच क्षणी तू सर्वात जास्त खोटा असतोस.

तू सरळ मेला असतास तर बरं झालं असतं. मी हे रागाच्या भरात लिहीत नाही. तुझं कनेक्टर नुसतं सुटलं तर काय झालं ते मी पाहिलं ना! आकडा उणे ४० झाला, तो कुठल्याही चालू इंजिनात शक्य नाही हे कॉम्प्युटरला कळलं, त्याने तुझंच नाव घेऊन कोड टाकला आणि इंजिन जळू नये म्हणून पंखा लावून दिला. मेलेल्या सेन्सरची सोय गाडीत करून ठेवलेली आहे. शक्यतेच्या हद्दीत राहून खोटं बोलणाऱ्याची सोय करणं अवघड. ४२ हा आकडा अशक्य नाही. सकाळी दोन गल्ल्या गाडी चालवली तर ४२ च येतो.

आणि तू केवळ थंडीचा गुन्हेगार नाहीस. इंजिन गार आहे असं समजून कॉम्प्युटर दीड महिना जास्त पेट्रोल ओतत होता. गॅलनला २९ मैल जाणारी माझी गाडी २३ वर आली. थंडीत थोडं कमी जातंच, म्हणून तेही मी थंडीवर ढकललं. मागे उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं आणि न जळता पुढे जाऊन एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून मारतं. त्याची किंमत हजारांत आहे. पण मला झोप लागत नाही ती जुलैच्या विचाराने. समज, तू तसाच राहिला असतास. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी उभी, पाणी ११५ वर पोचलेलं, आणि तू ४४ सांगतोयस. पंखा लागला नसता. काटा गारच्या बाजूला पडून राहिला असता. हेड गॅस्केट जळून बॉनेटखालून वाफ येईपर्यंत मला काही कळलं नसतं, कारण काट्याला जे कळतं ते तुझ्याकडूनच कळतं.

या देशाच्या वाहनसुरक्षा नियमांत १०३ क्रमांकाचा अख्खा नियम केवळ समोरच्या काचेवरचं दव आणि बर्फ हटवण्यासाठी आहे. इतका तो जिवाचा विषय आहे. २०१९ च्या जानेवारीत या शहरात पारा उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. तशा रात्री रस्त्यात बंद पडलेल्या किंवा काच गोठलेल्या गाडीत बसणं म्हणजे काय, ते आमच्या इमर्जन्सी विभागात मी पाहिलं आहे. बोटं काळी पडलेली पाहिली आहेत. त्या रात्री ओंजळीएवढ्या काचेतून मी रस्ता बघत होते तेव्हा मला ती बोटं आठवत होती. माझ्या शेजारी माझी आई होती. हे मी तुला माफ करू शकत नाही.

नवा सेन्सर २६ डॉलरचा आला. बसवायला वीस मिनिटं लागली: १९ चा पाना, नवा वॉशर, सांडलं तेवढं कूलंट परत भरायचं आणि आत अडकलेली हवा काढायची. बसवण्याआधी त्यालाही मी बर्फात आणि उकळीत घातलं. नवा म्हणून विश्वास ठेवायचे दिवस माझ्यापुरते संपले. बर्फात ५.९, उकळीत १८८. मग बसवला. संध्याकाळी आईला घेऊन त्याच रस्त्याने मेपल ग्रोव्हला गेले, मुद्दाम, काही काम नसताना. फोन डॅशबोर्डवर ठेवला होता. ३०, ४५, ५५. साठच्या पुढे आकडा जाताच ब्लोअरने सूर चढवला. सत्तरला आईने कोटाची वरची दोन बटणं काढली. नव्वदला ती म्हणाली, "बंद कर गं जरा, उकडायला लागलं." किती दिवसांनी हे वाक्य ऐकलं! मी बंद केलं नाही.

गॅरेजमध्येही गेले होते. पैसे परत मागायला नाही, वहीचं ते पान दाखवायला. त्या माणसाने सगळे आकडे शांतपणे वाचले, पानाचा फोटो काढला आणि म्हणाला की पुढच्या पी-०१२८ ला तो आधी पाइपवर थर्मामीटर धरेल. धरेल की नाही ते मी पुढच्या हिवाळ्यात कळवेन. तुला नाही, त्याच्या गिऱ्हाइकांना.

तुला मी फेकून दिलेलं नाही. तू एका लहान पिशवीत आहेस, सोबत आकड्यांची चिठ्ठी आहे. आई २२ मार्चला परत निघते आहे. तिच्या बॅगेत, इथून न्यायच्या बदामांच्या शेजारी, तू कोल्हापूरला जाशील. बाबांनी उद्यमनगरचं शटर उघडून जुना मीटर काढून ठेवला आहे आणि पातेल्यासाठी शेजारच्या चहावाल्याला सांगून ठेवलं आहे. ८५० येतात का, ते त्यांना स्वतः मोजून बघायचं आहे.

तुझी होती ती गाडी चालवणारी,
बाबांची मुलगी